आर्थिक स्वातंत्र्य व त्याचे माप

देशादेशांतील आर्थिक स्वातंत्र्य मोजून त्यांची क्रमवारी लावण्याचा प्रघात गेल्या तीस वर्षांत चांगलाच रूढ झाला आहे. दरवर्षी असा एखादा पट प्रसिद्ध होतो. वर्तमानपत्रे त्यातील आपल्या देशाचा क्रमांक ठळक अक्षरांत छापतात. क्रमांक वर चढला असल्यास सत्ताधारी त्याचे श्रेय घेतात आणि खाली घसरला असल्यास विरोधी पक्ष त्याचा जाब विचारतात. परंतु हा क्रमांक कशाचा, तो काढला कसा, आणि ज्या स्वातंत्र्याचे ते माप म्हणून सांगितले जाते ते स्वातंत्र्य नेमके कोणाचे, हे विचारण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. वस्तुतः हे प्रश्न एकट्या अर्थशास्त्रज्ञांचे नव्हेत. मुलास काम कोठे व कोणत्या अटींवर मिळावे, वडिलार्जित जमीन कोणी व कोणत्या भावाने घ्यावी, घरच्या मुलीने कोणत्या कागदावर सही करावी, या प्रत्येक घरात उपस्थित होणाऱ्या गोष्टींशी त्यांचा निकटचा संबंध आहे. सबब त्यांचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

अशा विचारास एखादे ठिकाण डोळ्यांपुढे असलेले बरे, नाहीतर तो हवेत तरंगू लागतो. आम्ही त्यासाठी पवनेच्या काठचे रावेत हे गाव घेतो. त्याच्या एका अंगास आकुर्डी-चिंचवडची कारखानदारी आहे व दुसऱ्या अंगास मावळचा शेतकरी मुलूख. पिंपरी-चिंचवड शहरास लागणारे पवनेचे पाणी याच गावच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते. १९९७ साली गाव महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि जेथे शेते होती तेथे आज मजल्यांवर मजले चढलेल्या इमारती उभ्या आहेत. देशाच्या मापाने पाहता रावेत हा एक बिंदूही नव्हे. परंतु स्वातंत्र्य आणि समृद्धी यांचा जो संबंध मोठमोठ्या पटांत आकड्यांनी दाखविला जातो, त्याच्या दोन्ही बाजू या बिंदूच्या आसपास दहा-वीस कोसांत जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या क्वचितच दुसरीकडे दिसतील.

प्रथम माप कसे घेतात ते पाहू. अमेरिकेतील हेरिटेज फौंडेशन ही संस्था १९९५ पासून व कॅनडातील फ्रेझर इन्स्टिट्यूट ही संस्था १९९६ पासून असे पट प्रसिद्ध करीत आल्या आहेत. पैकी दुसरीच्या प्रयत्नामागे मिल्टन फ्रीडमन या नामांकित अर्थशास्त्रज्ञाची प्रेरणा होती. तिच्या पद्धतीत स्वातंत्र्याची पाच अंगे मानली आहेत : सरकारच्या खर्चाचा व कारभाराचा आकार, कायद्याचे राज्य व मालमत्तेची सुरक्षितता, चलनाचे स्थैर्य, परदेशांशी व्यापार करण्याची मोकळीक, आणि पतपुरवठा, मजुरी व धंदा यांवरील निर्बंध. प्रत्येक अंगास शून्यापासून दहापर्यंत गुण देऊन त्यांची सरासरी काढावयाची, अशी ही रीत. तिच्या मुळाशी असलेली कल्पना साधी आहे. आपल्या श्रमाचे व आपल्या मालमत्तेचे काय करावे हे ज्याचे त्याने ठरवावे. परस्परांतील व्यवहार परस्परांच्या खुषीने व्हावा. आणि चोरी, फसवणूक व दांडगाई यांपासून रक्षण करण्यापलीकडे सरकारने त्यात शक्यतो पडू नये.

या कल्पनेस हसण्याचे कारण नाही. पटांच्या वरच्या चतुर्थांशात येणाऱ्या देशांचे दरडोई उत्पन्न तळच्या चतुर्थांशातील देशांहून कित्येक पटींनी अधिक असते, हे दर खेपेस दिसून येते. आकड्यांवर ज्याचा विश्वास नसेल त्याने नकाशा पाहावा. कोरियाचे लोक एक, भाषा एक, पूर्वेतिहास एक. १९४५ साली देशाची फाळणी झाली आणि दोन पिढ्यांच्या आत एका भागातील कुटुंबे सधन देशांच्या पंक्तीस बसली, तर दुसऱ्या भागात अन्नाचीच भ्रांत पडली. जर्मनीचे दोन तुकडे १९९० साली पुनः जोडले गेले तेव्हा पूर्वेकडील कित्येक कारखाने पश्चिमेकडील कारखान्यांपुढे तग धरू शकले नाहीत. एकच समाज घेऊन, त्याचा एक भाग मोकळा व दुसरा बांधलेला ठेवून केलेला याहून मोठा प्रयोग इतिहासात सापडणे कठीण.

परंतु इतक्या दूर जावयास नको. आकुर्डीचाच दाखला घ्यावा. १९५१ च्या उद्योगविषयक कायद्याने कोणता माल कोणी काढावा व किती काढावा हे ठरविण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला. बजाज कंपनीस स्कूटर व रिक्षा बनविण्याचा परवाना १९५९ साली मिळाला. पुढे तिच्या स्कूटरला मागणी अशी काही वाढली की, नाव नोंदविल्यापासून गाडी हाती येईपर्यंत दहा-दहा वर्षे लोटू लागली. लोखंड होते, कारागीर होते, गिऱ्हाईक पैसे घेऊन उभे होते. नव्हती ती फक्त परवान्यात लिहिलेल्या संख्येहून अधिक गाड्या काढण्याची मुभा. धंदा करणाऱ्याने लोकांस हवी असलेली वस्तू अधिक बनविली तर तो अपराधी ठरावा, असा तो काळ होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी, १९५५ साली, बी. आर. शेणॉय या एकाच अर्थशास्त्रज्ञाने आपले भिन्नमत नोंदविले. १९५९ साली राजगोपालाचारी यांनी स्वतंत्र पक्ष काढून परवाना-राज्यावर टीकेची झोड उठविली. त्या वेळी त्यांचे ऐकणारे थोडे होते. अखेर परकीय चलनाची गंगाजळी आटली तेव्हा, जुलै १९९१ मध्ये, अठरा उद्योग वगळून बाकी सर्वांचे परवाने रद्द झाले.

परवाना-राज्याने माल महाग झाला व उशिरा मिळाला, ही त्याच्या दोषाची लहान बाजू होय. मोठी बाजू नैतिक आहे. जेथे दहा जणांस हवी असलेली वस्तू एकालाच मिळावयाची आणि तो एक कोण हे टेबलामागच्या माणसाने ठरवावयाचे, तेथे नागरिकाचा याचक होतो व कारकुनाचा दाता. ज्याचा वशिला आहे त्याचे काम होते. ज्याचा नाही तो रांगेत उभा राहतो व शेवटी वशिला शोधू लागतो. सचोटीने वागणाऱ्यास दंड आणि लाचार होणाऱ्यास बक्षीस, अशी ही शाळा चाळीस वर्षे चालली, आणि तिचे संस्कार परवाने गेल्यानंतरही पुसले गेलेले नाहीत. मोकळ्या बाजाराचा सर्वांत मोठा लाभ श्रीमंतास होतो, ही समजूत निदान या बाबतीत खोटी ठरली. श्रीमंतास परवान्याच्या काळातही वाट सापडत होती. वाट सापडत नव्हती ती वशिला नसलेल्यास.

१९९१ नंतर काय झाले ते चाकणच्या रस्त्याने जाणाऱ्या कोणासही दिसते. १९९९ साली बजाजचा, २००९ साली फोक्सवागनचा व त्याच वर्षी मर्सिडीजचा असे कारखाने तेथे उभे राहिले. आणि ज्याच्या दारी दहा वर्षांची रांग होती त्या आकुर्डीच्या कारखान्यातून गाड्या काढणे २००७ साली बंद झाले. मोकळिकीत उघडण्याचे जसे स्वातंत्र्य आहे तसे मिटण्याचेही आहे.

येथपर्यंत मापन करणाऱ्यांच्या बाजूने बोलावयास आम्हांस काहीच अडचण वाटत नाही. अडचण येते ती माप आणि मोजलेली वस्तू यांत गल्लत होऊ लागते तेव्हा. जागतिक बँक व्यवसायसुलभतेचा असाच एक पट काढीत असे. त्यात भारताचा क्रमांक २०१५ च्या अहवालात १४२ होता तो २०२० च्या अहवालात ६३ झाला, आणि याचा देशभर गाजावाजा झाला. परंतु त्या पटासाठी आपल्या अवघ्या देशाचे माप दिल्ली व मुंबई या दोनच शहरांवरून घेतले जात असे, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानी आली. भोसरीतला लहान कारखानदार, चाकणचा वाहतूकदार, रावेतचा शेतकरी यांपैकी कोणाच्याही अनुभवास त्या ६३ मध्ये स्थान नव्हते. पुढे काही देशांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचे उघडकीस आल्यामुळे २०२१ साली बँकेने तो पटच बंद केला. गुणपत्रिकेसाठी अभ्यास करणारा विद्यार्थी आणि ज्ञानासाठी अभ्यास करणारा विद्यार्थी यांतील फरक ज्यास ठाऊक आहे त्यास यात नवल वाटू नये.

दुसरी गल्लत याहून सूक्ष्म आहे. सिंगापूर या पटांत नेहमी अगदी वरच्या जागी असते. परंतु तेथील बहुतेक जमीन सरकारच्या मालकीची असून दहांपैकी सुमारे आठ रहिवासी सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. हाँगकाँगची ख्यातीही मोकळ्या बाजाराची. पण तेथे जमीन सरकारकडून मुदतीच्या पट्ट्याने मिळते. डेन्मार्कसारखे देश जबर कर घेतात, तरी एकूण गुणांत ते वरच्या थरातच राहतात. उलटपक्षी चीनचे गुण बेताचे असूनही १९७८ नंतर त्याने जी झेप घेतली तिला तोड नाही. म्हणजे पाच अंगांची सरासरी काढली की कोणत्या अंगाने समृद्धी आली हे झाकून जाते. आणि प्रत्येक अंगास सारखेच वजन देणे हा गणिताचा निर्णय नसून मूल्यांचा निर्णय आहे, हेही विसरले जाते. कर वाढला की गुण कमी होतात. त्या करातून निघालेल्या शाळेत शिकून एखाद्या मजुराच्या मुलीस चार धंद्यांतून एक निवडता येऊ लागला, तर तिच्या वाढलेल्या मोकळिकीचे गुण कोणत्याही रकान्यात मांडले जात नाहीत.

या उणिवेचे मूळ कोठे आहे हे समजण्यास आपल्याच प्रांतात पूर्वी घडून गेलेला एक प्रयोग फार उपयोगी पडतो. आजचे मापनकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनेत आले असते, तर त्यांनी त्या राज्यव्यवस्थेस निदान काही रकान्यांत भरघोस गुण दिले असते. १८५५ साली व्याजाच्या दरावरील कायदेशीर मर्यादा उठविण्यात आली. व्याजदरावर सरकारी निर्बंध नसणे हे आजच्या पटातही गुणाचे मानले जाते. १८७२ साली कराराचा कायदा झाला. जमीन खरेदी-विक्रीस व गहाण ठेवण्यास मोकळी होती. दिवाणी न्यायालये कागदावर जे लिहिले असेल त्याची अक्षरशः अंमलबजावणी करीत. १८८२ साली मीठ व मद्य यांसारखे अपवाद वगळता आयात मालावरील जकातीही उठल्या. सरकारी साऱ्याचा बोजा जड होता आणि तो या मोकळिकीत बसत नव्हता, हे खरे. परंतु कराराचे स्वातंत्र्य म्हणून जे काही म्हणतात ते त्या काळी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे नांदत होते.

मग झाले काय? अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपताच कापसाचा भाव कोसळला, त्यातच सारावाढ आली, आणि कुणबी सावकाराच्या दारी गेला. तेथे त्याने ज्या कागदावर अंगठा उठविला त्यावर काय लिहिले आहे हे त्यास वाचता येत नव्हते. वाचता आले असते तरी ‘नको’ म्हणून परत फिरण्यास घरी दाणा नव्हता. करार झाला तो कायद्याच्या दृष्टीने दोघांच्या खुषीने. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले. त्यांचा रोख मुख्यतः एकाच वस्तूवर होता, ती म्हणजे कर्जरोखे; ते हस्तगत करून त्यांनी जाळले. या दंग्यांतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा निघाला, आणि त्याने न्यायाधीशास रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणेघेणे काय होते हे तपासण्याची मुभा दिली. कराराच्या कागदाखाली खुषी खरोखर होती की नव्हती, हा प्रश्न न्यायालयात प्रथमच विचारला जाऊ लागला. त्या कायद्याने सर्व दुःखे दूर झाली असे नाही. कित्येक सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. परंतु प्रश्न योग्य होता.

याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले. इंग्रजी अर्थशास्त्र ज्या माणसास गृहीत धरते, जो केवळ आपले हित जाणतो, हवे तेथे जातो, हवा तो धंदा धरतो व बरोबरीच्या नात्याने सौदा करतो, तो माणूस आपल्याकडे सरासरी माणूस नव्हे; येथे कुटुंब व जात ही व्यक्तीहून बलवत्तर आहेत, असा त्यांचा मथितार्थ होता. रानडे व्यापाराचे शत्रू नव्हते, उद्योगधंद्यांचे तर ते पुरस्कर्तेच होते. त्यांचे म्हणणे इतकेच की, शास्त्राने गृहीत धरलेला मनुष्य आधी अस्तित्वात आणावा लागतो.

आमच्या मते आर्थिक स्वातंत्र्याच्या सर्व मापांतून निसटणारी गोष्ट हीच आहे. व्यवहार खुषीचा केव्हा म्हणावा? दोघांपैकी प्रत्येकास ‘नाही’ म्हणून घरी जाता येते तेव्हा. आजचे पट सरकारने किती दारे उघडी ठेवली आहेत हे मोजतात, आणि ते मोजलेच पाहिजे. परंतु दारात उभ्या असलेल्या माणसास नकार देण्याचे सामर्थ्य आहे की नाही, हे ते मोजत नाहीत. कायद्याने दिलेली मुभा व नकाराचे सामर्थ्य हे स्वातंत्र्याचे दोन भाग आहेत. परवाना-राज्याने पहिला हिरावला, सावकारी रोख्याने दुसरा. पहिल्याची गणती होते आणि दुसऱ्याची होत नाही, म्हणून तो कमी खरा ठरत नाही.

हे मत घेऊन रावेतच्या परिसराकडे पुनः पाहू. ज्या औद्योगिक पट्ट्यास आपण मोकळ्या बाजाराची करणी समजतो त्याची पायाभरणी सरकारने केली आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले. रस्ते, पाणी, वीज, भूखंड ही सर्व तयार मिळाली म्हणून कारखाने आले. परंतु भूखंड आले कोठून? ते शेतकऱ्यांकडून आले, आणि शेतकऱ्यांनी ते विकले नाहीत. ते त्यांच्याकडून घेण्यात आले. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला किती याविषयी भांडण्याची सोय होती. जमीन द्यावयाची की नाही हा प्रश्न धन्याकडे सोपविलेला नव्हता. पुढे प्राधिकरणाने साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आणली, आणि त्या परताव्यासाठी कित्येक कुटुंबांची वर्षानुवर्षे खेटे घालण्यात गेली. ज्या जागेवर कारखानदारास धंद्याचे स्वातंत्र्य मिळाले त्याच जागेवर शेतकऱ्याचे विक्रीचे स्वातंत्र्य संपले. देशाच्या पटात पहिल्याचे गुण वाढतात. दुसऱ्याची वजाबाकी कोठे होते?

हा प्रश्न नवा नाही. १९२१ साली शेजारच्या मुळशी पेट्यात टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी जमिनी घेतल्या जाऊ लागल्या तेव्हा पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. बापटांस लोक सेनापती म्हणू लागले ते तेथूनच. धरण झाले, मुंबईस वीज मिळाली, गावे पाण्याखाली गेली. नव्वद वर्षांनी तोच प्रश्न रावेतच्या बंधाऱ्यापाशी येऊन थडकला. पवनेचे पाणी नदीतून वाहत येऊन रावेतला उचलण्याऐवजी धरणातून बंद नळाने थेट शहरात आणावे, अशी योजना निघाली. शहराची तहान खरी होती, आणि उघड्या नदीतून येणारे पाणी वाया जाते व दूषित होते हेही खरे होते. परंतु नदीकाठच्या मावळातील शेतकऱ्यांस आपल्या शेतीचे पाणी जाईल व जमिनी जातील असे भय वाटले. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर त्यांनी आंदोलन केले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी प्राणास मुकले. योजना अडली. ज्यांना आधी विचारावयाचे त्यांना शेवटी विचारावयाचे, ही चूक मुळशीस झाली तीच बऊरलाही झाली.

२०१३ साली नवा भूसंपादन कायदा मंजूर होऊन १ जानेवारी २०१४ पासून तो अमलात आला. त्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची असल्यास ऐंशी टक्के व सरकार-खासगी भागीदारीच्या कामासाठी सत्तर टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरविली आहे. सरकारने स्वतःसाठी जमीन घेतल्यास ही अट नाही. म्हणजे कायदा अपुराच आहे. तथापि शेतकऱ्यास ‘नाही’ म्हणता येते ही गोष्ट या देशाच्या भूसंपादनाच्या कायद्यात त्याने प्रथम आणली. गमतीची गोष्ट अशी की, भांडवल गुंतविणाऱ्याच्या नजरेने हाच कायदा धंद्याच्या मार्गातील अडथळा ठरतो. एकच कलम, वरून पाहिले तर निर्बंध, खालून पाहिले तर स्वातंत्र्य. तेव्हा माप घेणाऱ्याने आपण कोठे उभे राहून माप घेतो हे सांगितल्यावाचून त्याच्या आकड्यास अर्थ प्राप्त होत नाही.

येथवर सरकार आणि शेतकरी यांचाच विचार झाला. परंतु नकाराचे सामर्थ्य घराच्या उंबऱ्याच्या आतही मोजले पाहिजे, आणि तेथे दोष सरकारच्या माथी मारण्याची सोय नाही. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. २००५ साली तो देशभर झाला. फ्रेझर संस्थेनेही अलीकडे स्त्रियांना कायद्याने पुरुषांहून कमी अधिकार असल्यास त्या देशाचे गुण कमी करण्यास सुरुवात केली आहे, आणि ही सुधारणा प्रशंसनीय आहे. कायद्याच्या पुस्तकाकडे पाहता आपली मुलगी या बाबतीत स्वतंत्र झाली. पण शहराच्या कडेच्या गावात जमिनीस सोन्याचा भाव आला, विकसन कराराची वेळ आली, की सासरी गेलेल्या बहिणीस निरोप जातो आणि तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. ती सही करते. कोणी तिच्यावर हात उगारलेला नसतो. नकार दिला तर माहेर तुटेल, राखी-भाऊबीज संपेल, उद्या सासरी काही बिनसले तर परतावयास दार उरणार नाही, एवढे तिला कळत असते. दस्त नोंदला जातो. त्यावर ‘स्वखुषीने’ हा शब्द असतो. सुप्याच्या कुणब्याचा अंगठा आणि या पदवीधर बहिणीची सही यांत साक्षरतेचे अंतर आहे. नकाराच्या सामर्थ्याचे अंतर फारसे नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. कोणी म्हणेल, तुम्ही स्वातंत्र्य आणि सामर्थ्य यांची गल्लत करता. दारिद्र्य वाईट खरे, पण ते बंधन नव्हे. कोणी बांधून ठेवलेले नसताना माणसास परतंत्र म्हणू लागलो, तर त्यास स्वतंत्र करण्याच्या निमित्ताने सरकार पुनः प्रत्येक सौद्यात नाक खुपसील, आणि परवान्याची रांग दुसऱ्या दाराने परत येईल. या भयास आधार आहे. १९७६ साली औद्योगिक कलह कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या कारखान्यास कामगार कमी करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेणे भाग झाले. हेतू कामगाराचे रक्षण हा होता; परंतु कायम कामगार ठेवण्याची धास्ती वाटू लागल्यामुळे मालक कंत्राटी कामगारांकडे वळले, असे अनेक अर्थशास्त्रज्ञ म्हणतात. ज्याचे रक्षण झाले तो आत राहिला. ज्याचे व्हावयास हवे होते तो कंत्राटदाराच्या यादीत गेला. देहूच्या महाजनाने, तुकोबांनी, आपल्या वाट्याचे कर्जरोखे इंद्रायणीत बुडविले अशी कथा आहे. परंतु प्रत्येक सावकार संत असेल असे धरून जसे राज्य चालत नाही, तसेच प्रत्येक अधिकारी संत असेल असे धरूनही चालत नाही.

आमचे उत्तर असे की, नकाराचे सामर्थ्य वाढविण्यासाठी सौद्यात पडावे लागतेच असे नाही. वाचता येणारा ऋणको, दुसरीकडे काम मिळण्याजोगे कसब असलेला मजूर, स्वतःच्या नावे बँकेत पैसा असलेली बहीण, बिनचूक सातबारा हाती असलेला शेतकरी आणि दाव्याचा निकाल नातवाच्या नव्हे तर स्वतःच्या हयातीत देणारे न्यायालय, या गोष्टींनी कोणाच्याही धंद्यावर बंधन येत नाही. त्यांसाठी कर लागतो. आणि कर ही स्वातंत्र्याची वजाबाकी मानणाऱ्यांनी त्या वजाबाकीतून कोणती बेरीज निघते हेही मांडावे, एवढीच आमची मागणी आहे.

याचा समृद्धीशी संबंध आहे तो असा. मोकळा बाजार संपत्ती वाढवितो याचे कारण, त्यात ठरणारा भाव काही खरी बातमी सांगतो : ही वस्तू या माणसास इतक्या मोलाची आहे, याहून कमीत तो ती देणार नाही. ज्यास नाही म्हणताच येत नाही त्याने दिलेल्या भावात ही बातमी नसते. त्यात केवळ त्याची अडचण असते. अशा भावावर उभारलेली भरभराट काही काळ डोळे दिपविते, पण तिचा हिशेब पुढे कोठे तरी चुकता करावा लागतो. सुप्यास तो रोख्यांच्या होळीत झाला, बऊरला तो रक्ताने झाला. उलट ज्या व्यवहारात दोघांसही नकार देता येत होता तो व्यवहार मुलांनी आणि नातवंडांनी उकरून काढण्याचे कारण पडत नाही.

म्हणून जगाच्या पटात भारत कितवा, ही बातमी पुढच्या वर्षी छापून येईल तेव्हा ती अवश्य वाचावी. चाळीस वर्षांची परवान्याची रांग ज्यांनी पाहिली त्यांनी त्या क्रमांकास तुच्छ लेखणे शोभणार नाही. परंतु वाचून झाल्यावर आपल्या ओळखीच्या चौघांचा विचार करावा : ज्याची जमीन घेतली जाणार आहे तो, ज्याच्या कामाचे कंत्राट दर काही महिन्यांनी संपते तो, जो चढ्या व्याजाने पैसे घेतो तो, आणि जिच्यापुढे घरचाच कागद सहीसाठी ठेवला आहे ती. यांपैकी किती जणांना ‘नाही’ म्हणता येईल, हे सांगणारा रकाना त्या पटात नाही. पहिल्या तिघांसाठी कायदा, न्यायालय व सरकार यांच्याकडे तोंड करून बोलावे लागेल. चौथीच्या बाबतीत मात्र कागद पुढे करणारा हात आपल्याच घरातला असतो, आणि तो मागे घेण्यास कोणत्याही अधिनियमाची वाट पाहावी लागत नाही.